भूक पोटात की मनात?

संध्याकाळी अंधेरीहून मेट्रोने घाटकोपरला उतरले की वड्यांचा वास येतो आणि पाय आपोआप गाडीकडे वळतात. दुपारचा डबा व्यवस्थित खाल्लेला असतो, तरीही! ही खरी भूक असते का? मी काही दिवस गाडीपाशी पोहोचण्यापूर्वी मिनिटभर थांबून वहीत दोनच गोष्टी लिहू लागलो: पोटात काय जाणवते आणि मनात काय आहे. बहुतेक दिवशी पोट शांत होते. मनात मात्र फसलेला प्रयोग, गर्दीचा वैताग किंवा नुसता थकवा होता.

भूक लागते म्हणजे काय होते ते आधी पाहू. पोट रिकामे झाले की जठरातून ग्रेलिन नावाचे संप्रेरक रक्तात मिसळते. त्याचा शोध १९९९ साली जपानमध्ये लागला. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाला ते 'खा' असा संदेश देते. नेहमीच्या जेवणाची वेळ जवळ आली की ते वाढते. मधल्या सुट्टीपूर्वी वर्ग चुळबुळू लागतो त्याचे एक कारण हेच. जेवताना जठर ताणले जाते आणि व्हेगस चेतातंतूंमार्फत ती बातमी मेंदूकडे जाते. आतड्यांतील संप्रेरकेही भर घालतात; पण त्यांना वेळ लागतो. म्हणून भराभर जेवणाऱ्याला पोट भरल्याचे उशिरा कळते.

भावनांचा मार्ग वेगळा आहे. अचानक भीती वाटली तर भूक मरते. पण ताण दिवसेंदिवस राहिला तर कॉर्टिसॉलमुळे अनेकांना गोड व तेलकट खावेसे वाटते. खाल्ल्यावर क्षणभर बरे वाटते आणि मेंदू ही जोडणी लक्षात ठेवतो. परीक्षेच्या काळात चिवड्याचा डबा लवकर रिकामा होतो तो असा.

ध्यानाने येथे काय साधते? बोरिवलीजवळ गोराई येथे २००९ साली उद्घाटन झालेला विपश्यना पॅगोडा आपण पाहिला असेल. शेजारच्या केंद्रात दहा दिवसांची शिबिरे होतात. पहिले तीन दिवस केवळ श्वासाकडे लक्ष द्यायचे, नंतर शरीरातील संवेदना तटस्थपणे पाहायच्या. मुख्य जेवण सकाळी अकराला. नव्या साधकाला संध्याकाळी पाचला चहा आणि फळे. रात्री भुकेची लाट येते, वाढते आणि काही न खाताच ओसरते, हे तेथे प्रत्यक्ष अनुभवता येते. 'खावेसे वाटणे' आणि 'खाणे' यांत एक फट असते. ध्यान ती फट दाखवते.

अमेरिकेत जॉन कबाट-झिन या रेण्वीय जीवशास्त्रज्ञाने १९७९ पासून ध्यानाची धर्मनिरपेक्ष पद्धत रुग्णांना शिकवली. त्यातील एक प्रयोग वर्गात सहज करता येईल. प्रत्येकाला एक बेदाणा द्या. तो पाहा, हुंगा, जिभेवर ठेवा, सावकाश चावा. तोंडाला पाणी केव्हा सुटले? गिळण्याची घाई केव्हा झाली? नंतर आठवडाभर प्रत्येकाने खाण्यापूर्वी 'पोट' आणि 'मन' अशी दोन रकान्यांत नोंद करावी. वही खासगी ठेवावी. वजनाची चर्चा नको.

पुरावा काय सांगतो? १९९९ साली क्रिस्टेलर आणि हॅलेट यांनी अनावर खाण्याचा विकार असलेल्या १८ स्त्रियांना सहा आठवडे ध्यान शिकवले. अनावर खाण्याचे प्रसंग आठवड्याला सरासरी चारवरून सुमारे दीडवर आले. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता! विद्यार्थ्यांना विचारा: मग हा परिणाम ध्यानाचाच कशावरून? पुढे तुलनात्मक चाचण्या झाल्या, तेव्हा ध्यानाचा गट नुसत्या प्रतीक्षायादीतील गटापेक्षा सुधारला. परंतु आहाराचे शिक्षण व मानसिक आधार मिळालेला गटही सुधारला. वजन मात्र ध्यानाने खात्रीने घटते, असे दिसलेले नाही.

एक सावधगिरी हवी. एखादा विद्यार्थी जेवण टाळत असेल, खाऊन ओकत असेल किंवा सतत स्वतःच्या शरीराला दोष देत असेल, तर हा प्रयोग त्याच्यावर करू नये. पालकांशी बोलून त्याला डॉक्टरांकडे न्यावे. आणि ज्या मुलाच्या डब्यात मुळातच कमी असते, त्याची भूक ही मनाची नव्हे. त्याला ध्यान नको, अन्न हवे.

वडा मी आजही खातो. फरक इतकाच की आता तो कशासाठी खातो आहे, हे बहुधा ठाऊक असते.