हरभऱ्यांतील रोधक प्रथिनें व घाटेअळीचें पचन

खानदेशांत हरभरा घाट्यांवर आला कीं घाटेअळीचें भय सुरू होतें. हीच अळी कपाशीच्या बोंडांत व तुरीच्या शेंगांतही शिरते. नोकरींत असतां पीकपाहणीस फिरतांना आम्ही भरलेले व पोखरलेले घाटे एकाच शिवारांत पाहिले आहेत आणि आणेवारींत त्यांचा हिशेब मांडला आहे. पीक स्वतः कांहींच प्रतिकार करीत नाहीं काय, हा प्रश्न अशा वेळीं साहजिक आहे.

उत्तर असें कीं, पीक प्रतिकार करितें. हरभऱ्यासारख्या द्विदल धान्यांच्या बियांत अशीं प्रथिनें असतात कीं, तीं अळीच्या पोटांतील पाचक रसांस खीळ घालतात. कुलपांत मोडकी किल्ली अडकावी, तसें हें प्रथिन पाचक रसाच्या कामाच्या जागींच अडकून बसतें. मग अळी खाते, पण खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. उलट अधिक पाचक रस करण्यांत तिचें सत्त्व खर्च होतें व वाढ खुंटते. 1972 सालीं अमेरिकेंत ग्रीन व रायन यांनीं दाखविलें कीं, बटाट्याचें वा टोमॅटोचें एक पान भुंग्यानें कुरतडलें असतां अशीं प्रथिनें त्याच झाडाच्या इतर पानांतही वाढतात.

तर मग हरभऱ्यावर अळी पोसते कशी? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं 1998 सालीं याचा उलगडा केला. घाटेअळीचे पाचक रस हरभऱ्याचीं हीं प्रथिनेंच तोडून निकामी करूं शकतात. पुढें 1999 सालीं त्यांनीं दाखविलें कीं, जीं पिकें या अळीचें नेहमींचें अन्न नाहींत, अशा भुईमूग, बटाटा व चौधारी घेवडा यांचीं प्रथिनें तिची वाढ अधिक रोखतात. तथापि एकच प्रथिन पुरत नाहीं, तीं आळीपाळीनें योजावीं लागतात.

यांतील बोध हा कीं, एका शस्त्रावर विसंबूं नये. बीटी कपाशींतील प्रथिन वनस्पतीचें नव्हे, जिवाणूचें. पण गोष्ट तीच. तिला आपल्या देशांत 2002 सालीं परवानगी मिळाली, आणि 2017 सालीं महाराष्ट्रांत गुलाबी बोंडअळीनें तिचीं बोंडें पोखरलीं. सबब हरभऱ्यांत पक्षिथांबे लावावे, कामगंध सापळ्यांनीं पतंगांचा अंदाज घ्यावा, अळ्या लहान असतांच 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा आणि कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर पडूं देऊं नयेत. हे उपाय साऱ्या शिवारानें एकदम करावे, अशी वाचकांस आमची विनंती आहे. कारण पतंग कांहीं सातबारा पाहून शेतांत उतरत नाहीं.