तांब्याचं भांडं : मठारलेलं की गुळगुळीत?

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत शिरलं की आधी ठोक्यांचा आवाज येतो. तो मठारकामाचा. घडवून स्वच्छ केलेलं भांडं लोखंडी खुंट्यावर धरून कारागीर हातोडीचे ठोके ओळीने, एकाला एक लावून देतात. हे नुसतं नक्षीकाम नव्हे. ठोक्यांनी मऊ तांबं कडक होतं, भांडं सहजासहजी चेपत नाही. शिवाय बोटांचे डाग आणि बारीक ओरखडे या खळग्यांत लपतात. रोजच्या वापराला मठारलेलंच घ्यावं.

गुळगुळीत, झिलईचं भांडं देखणं खरं, पण प्रत्येक पोचा दिसतो. चिंच-मिठाने घासायची तयारी हवी. 

मठारकाम हाताचं की यंत्राचं, ते असं ओळखा: यंत्राचे ठसे एकसारखे असतात. हाताच्या ठोक्यांत बारीक फरक दिसतो. भांडं उजेडात फिरवून पाहा.

लॅकरमुळे चमक टिकते, मात्र ते शोभेच्या वस्तूंपुरतंच ठीक. चुलीवरच्या किंवा पाण्याच्या भांड्याला ते नको. स्वयंपाकासाठी आतून कल्हई हवीच, कारण आंबट पदार्थांत तांबं उतरतं. कल्हईचं कथील 232 अंश सेल्सियसला वितळतं. त्यामुळे रिकामं भांडं मोठ्या आचेवर कधीही ठेवू नका.