दागिने घरीच धुवा, वजन सांभाळा

भगिनींनो, लग्नकार्याला निघताना डबा उघडावा आणि दागिना काळवंडलेला दिसावा, हा अनुभव घरोघरचा आहे. नेमका अशा वेळी दारात एखादा गोडबोल्या येतो. "ताई, पावडरची जाहिरात आहे, पैसे नकोत" म्हणत आधी पितळेचा तांब्या चमकवतो, मग पायातले पैंजण, आणि शेवटी गळ्यातली पोत मागतो. पोत त्याच्या पाण्यात बुडते, मग हळदीच्या पाण्यात डब्यात बंद होते. "दहा मिनिटांनी उघडा" असे सांगून तो निघून जातो. डब्यात पोत हलकी झालेली असते, किंवा नसतेच. राज्यात ठिकठिकाणी असे गुन्हे नोंदले गेले आहेत.

त्या पाण्याचे नाव आम्लराज. एक भाग नायट्रिक अॅसिड व तीन भाग हायड्रोक्लोरिक अॅसिड. एकेकटे अॅसिड सोन्याला विरघळवू शकत नाही. दोन्ही एकत्र आली की सोने विरघळते आणि त्याच्या बाटलीतून निघून जाते. आम्ही पडलो आकडेमोड करणारे कारकून, म्हणून हिशेब सांगतो. 2025 साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव एक लाखापलीकडे गेला. म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग गेला तरी हजार रुपये गेले. ही किती दिवसांची मजुरी, ते ज्याने त्याने पाहावे.

डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले होते की, हातभर गोटपाटल्या आणि गळाभर गळसऱ्या ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका. घालायचाच तर सोन्याचा दागिना घाला, नाहीतर घालू नका. त्यानंतर पोटाला चिमटा घेऊन केलेले एखादे डोरले, कानातल्या फुल्या, हीच अनेक घरांची बँक झाली. आजारपणात, मुलांच्या फीला तेच गहाण पडते. मोडीला नेले की सोनार चमक पाहत नाही, काटा पाहतो.

सोने सहसा काळे पडत नाही. त्यावर बसतो तो घाम, तेल आणि साबणाचा थर. रात्री भिजवलेल्या रिठ्यांचे पाणी, किंवा कोमट पाण्यात साध्या साबणाचे दोन थेंब पुरेत. पंधरा मिनिटे भिजवून लहान मुलाच्या मऊ ब्रशने हलके घासावे. हे काम परातीत करावे, मोरीच्या तोंडाशी नव्हे. फुली निसटली की गटारात. राख आणि दंतमंजन ओरखडे पाडतात. ब्लीचिंग पावडर तर नकोच, सोन्यात मिसळलेल्या तांब्याला आणि डागाच्या जोडाला ती खाते. आत लाख भरलेले मणी गरम पाण्यात टाकू नयेत. मोत्याची नथ व दोऱ्यात ओवलेली पोत ओल्या फडक्याने पुसावी. एक ग्रॅमच्या दागिन्यांना घासू नये, मुलामा निघतो.

चांदीचे तसे नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या आमच्या खापर परिसरात आदिवासी भगिनींच्या अंगावर होळीला जी चांदी दिसते, तशी घसघशीत आपल्याकडे नसेल. पण जोडवी, पैंजण आणि बाळाचे वाळे प्रत्येक घरी असतात. हवेतल्या व घामातल्या गंधकाने चांदीवर काळी पुटी चढते. घासली की पुटीबरोबर थोडी चांदीही जाते. त्याऐवजी भांड्याच्या तळाशी अॅल्युमिनियमचा चकचकीत कागद पसरावा, त्यावर दागिना टेकवून ठेवावा, दोन चमचे खाण्याचा सोडा व चमचाभर मीठ टाकून कढत पाणी ओतावे. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नये. गंधक अॅल्युमिनियमकडे जाते आणि चांदी जागच्या जागी राहते. काही मिनिटांत काढून स्वच्छ पाण्याने धुवावे. मात्र नक्षीच्या खोबणीत मुद्दाम काळे ठेवलेल्या दागिन्याला हा उपाय करू नये, नक्षीच मिटते. खडे बसवलेल्यालाही नको.

धुतल्यावर सुती फडक्याने पूर्ण कोरडे करून चांदी वेगळ्या पिशवीत ठेवावी, सोबत खडूचा तुकडा टाकावा, तो ओलावा शोषतो. पिशवीला रबर मात्र लावू नये. त्यात गंधक असते.