शेजाऱ्याचे कुत्रे आणि गावचे पशुधन

शेळीला गरिबाची गाय म्हणतात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रातील शेळ्यांची संख्या सुमारे १ कोटी ६ लाख भरली. यांतील पुष्कळशा शेळ्या भूमिहीन मजूर, अल्पभूधारक व एकट्या राहणाऱ्या स्त्रिया यांच्या दारी दोन-चारच्या संख्येने बांधलेल्या असतात. अशा घरची एक गाभण शेळी कुत्र्यांनी फाडली, तर वर्षभराची तजवीक कोलमडते. शिवाय कुत्रे शेजाऱ्याचे असेल, तर नुकसानीमागोमाग वैरही येते. म्हणूनच हा प्रश्न क्षुल्लक समजून चालणार नाही.

गावात मोकाट म्हणून ओळखली जाणारी सर्वच कुत्री बेवारस नसतात. दिवसा मालकाच्या अंगणात शांत पडून राहणारे कुत्रे रात्री सुटले की इतरांबरोबर टोळीत सामील होते. पळणाऱ्या जनावराचा पाठलाग करणे ही त्याची उपजत प्रवृत्ती होय. त्यामुळे पोट भरलेले कुत्रेही कळपावर तुटून पडते. एकदा ही चटक लागली की ते पुन्हा पुन्हा त्याच वाटेने येते. प्रत्यक्ष चावा न बसताही केवळ भेदरून गाभण शेळ्या-मेंढ्या गाभडतात.

कुत्र्यांच्या या वाढत्या वावरास आपली अस्वच्छताही कारणीभूत आहे. पूर्वी गावाबाहेर टाकलेल्या मृत जनावरांचा फडशा गिधाडे पाडीत. १९९० च्या दशकात गिधाडांची संख्या झपाट्याने घटली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्यास कारण असल्याचे सिद्ध झाल्यावर २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरास बंदी झाली. परंतु गिधाडांची जागा दरम्यान कुत्र्यांनी घेतली. मृत जनावरे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरणे व खाटिकखान्यातील टाकाऊ भाग उघड्यावर न टाकणे, हा उपद्रव कमी करण्याचा पहिला उपाय होय. याचा दुसरा लाभ असा की, कच्च्या आतड्या-मेंदूतून कुत्र्यांकडे व तेथून पुन्हा मेंढ्यांकडे जाणाऱ्या फीतकृमींची साखळीही तुटते.

हल्ला झाल्यास प्रथम जखम साबण व वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना वा तिखट भरू नये. जखम हाताळताना हातमोजे वापरावेत, कारण पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून आलेला रोग माणसासही होऊ शकतो. त्यानंतर विनाविलंब पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा १९६२ या क्रमांकावर संपर्क साधावा. चाव्यानंतरची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने व ठरलेल्या दिवशीच द्यावी. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर उपचार उपयोगी पडत नाहीत.

जनावर दगावल्यास ते हलविण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत व पंचनामा करवून घ्यावा. बिबट्या बहुधा नरडे धरतो. कुत्र्यांच्या हल्ल्यात मागचे पाय, शेपूट, कान अशा अनेक ठिकाणी चावे आढळतात व मांस फारसे खाल्लेले नसते. ही पारख महत्त्वाची आहे. वन्य प्राण्याने मारलेल्या जनावराची भरपाई वन विभागाकडून मिळते, कुत्र्याने मारलेल्याची त्या योजनेतून मिळत नाही. उलट कुत्र्यांचा दोष लांडग्यावर ढकलला गेल्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची एकमधील हा संरक्षित प्राणी नाहक बळी पडतो. जनावराचा विमा असल्यास कंपनीस तत्काळ कळवावे.

कायद्याबाबतही अनेक गैरसमज आहेत. १८७१ च्या गुरे अतिक्रमण अधिनियमातील गुरांमध्ये कुत्र्याचा समावेश नाही, म्हणून त्याला कोंडवाड्यात घालता येत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ पाळीव प्राण्याबाबतच्या हयगयीस शिक्षा सांगते, परंतु ते मनुष्याच्या जीवितास वा गंभीर दुखापतीच्या धोक्यापुरते आहे. पशुधनाच्या नुकसानीसाठी मालकाविरुद्ध दिवाणी दाव्याचा मार्ग उरतो. त्यात आपल्या कुत्र्याची खोड मालकास माहीत होती काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. म्हणून पहिल्याच प्रसंगी मालकास लेखी कळवून त्याची प्रत ग्रामपंचायतीकडे द्यावी. जेथे तंटामुक्त गाव समिती कार्यरत असेल तेथे आपसात भरपाई ठरविणे अधिक श्रेयस्कर.

संतापाच्या भरात विष घातलेले मांस टाकणे हा मात्र सर्वांत वाईट मार्ग. तो संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कारावासाचा अपराध ठरू शकतो. शिवाय ते विष कोणाच्या पोटात जाईल याचा नेम नसतो. कुत्री पकडून दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडण्यानेही प्रश्न सुटत नाही, तो केवळ शेजारच्या गावावर लादला जातो.

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ अन्वये भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडावयाचे असते. पाळीव कुत्र्याच्या लसीकरणाची व नसबंदीची जबाबदारी मालकाची आहे. लहान ग्रामपंचायतीस नसबंदी केंद्र चालविणे पेलणार नाही. तथापि, गावातील पाळीव कुत्र्यांची नोंदवही ठेवणे, जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाच्या सहकार्याने लसीकरण शिबिर भरविणे आणि रात्री कुत्री बांधून ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत संमत करणे तिला सहज शक्य आहे. शिक्षकांनी २८ सप्टेंबर या जागतिक रेबीज दिनी मुलांना जखम धुण्याचे प्रात्यक्षिक दाखवावे. घरात ती गोष्ट मुलांमार्फत लवकर पोहोचते.

पशुपालकानेही आपल्या बाजूने गोठ्याला पाच फूट उंचीची जाळी लावून तिचा खालचा भाग जमिनीत गाडावा, म्हणजे कुत्र्यांना उकरून आत शिरता येणार नाही. करडे व गाभण जनावरे रात्री बंदिस्त ठेवावीत. एका बाजूस मजबूत जाळी आणि दुसऱ्या बाजूस मालकाच्या हातची साखळी, एवढी व्यवस्था झाली तरी गावातील पुष्कळ तंटे चावडीपर्यंत येणार नाहीत.