तोतया मणी

नागीण उठली की डॉक्टर बहुधा असायक्लोव्हिर लिहून देतात. 800 मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून पाच वेळा. पण गिळताना त्या गोळीत विषाणूला रोखण्याची ताकद जवळपास नसतेच. ती येते पेशीच्या आत, आणि तीही फक्त विषाणू शिरलेल्या पेशीत!

डीएनए म्हणजे चार प्रकारच्या मण्यांची माळ. असायक्लोव्हिर हा त्यातल्या ग्वानिनच्या मण्याचा तोतया. मात्र माळेत ओवलं जायचं तर मण्याला आधी तीन फॉस्फेट जोडावे लागतात. पहिला फॉस्फेट या तोतयाला जोडायला आपल्या पेशीची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, सहसा तयार होत नाहीत. नागिणीचा विषाणू मात्र थायमिडिन कायनेज नावाचं स्वतःचं विकर बनवतो, आणि ते फारशी पारख न करता फॉस्फेट जोडून मोकळं होतं.

विषाणूचं काम इथे संपतं. आता पुढे येतं आपल्याच पेशीतलं ग्वानिलेट कायनेज. एक फॉस्फेट असलेल्या ग्वानिनच्या मण्याला दुसरा जोडायचा, हे त्याचं रोजचं काम. औषधाशी त्याचा काही संबंध नाही. पण समोर आलेल्या तोतयालाही ते तितक्याच निगुतीनं दुसरा फॉस्फेट जोडतं. तिसरा पेशीतली इतर विकरं जोडतात. मी तर दर वेळी या दुसऱ्या पायरीपाशीच थबकतो: शत्रूनं अर्धवट सोडलेलं शस्त्र आपली पेशी पूर्ण करते, तेही नकळत.

फॉस्फेटच्या ऋण विद्युतभारामुळे तोतयाला पेशीचं आवरण ओलांडून सहज परत जाता येत नाही. विषाणू आपली माळ गुंफताना त्याला उचलतो. पण पुढचा मणी अडकवायला या तोतयाला आकडाच नाही. माळ तिथेच खुंटते.

ही साखळी गरट्रूड एलियन यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेनं उलगडली आणि 1977 मध्ये औषधाच्या नेमकेपणाचं गूढ जगापुढे मांडलं. पीएचडी न केलेल्या या बाईंना 1988 मध्ये नोबेल मिळालं.

मज्जातंतूंच्या गाठींत निजलेल्या विषाणूला मात्र हे औषध काही करू शकत नाही. तो निजलेला असताना ते पहिलं विकर कामालाच लागत नाही. शिवाय औषध नव्या माळा थांबवतं, झालेल्या पुसत नाही. म्हणून गेरूचा लेप लावत दिवस घालवू नका; पुरळ दिसल्यापासून 72 तासांच्या आत डॉक्टरांकडे जा.