यादीतला क्रमांक, लॉगबुकातले तास

जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हापासून मुंबईची उपनगरे भारतीय विमानवाहतुकीचे माहेरघर आहेत. जेट एअरवेजचे मुख्यालय अंधेरीत होते, किंगफिशरचे विलेपार्ल्यात. आज दोन्ही कंपन्या नाहीत. पार्ल्याचे किंगफिशर हाउस तर कर्जवसुलीसाठी पुन्हा पुन्हा लिलावात काढावे लागले. बोरिवली-मुलुंडच्या ज्या घरात मुलाने किंवा मुलीने वैमानिकाचा परवाना मिळवला आहे, तिथे नोकरी निवडताना दोन प्रश्न हमखास निघतात: पगार किती, आणि कॅप्टन कधी होणार? माझ्या मते तिसरा प्रश्न या दोहोंच्या आधी विचारायला हवा. कंपनी उद्या बंद पडली किंवा दुसरीत विलीन झाली, तर हातात काय उरेल?

कॅप्टन कधी होणार, हे या व्यवसायात बरेचसे ज्येष्ठतेवर ठरते. तिला एवढे वजन का, हे आधी समजून घेऊ. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते, कॅप्टनला लागणाऱ्या परवान्याला १५०० तासांचे. वर्षाला १००० तासांहून अधिक उडता येत नाही, तरीही तेवढे तास काही वर्षांत भरतात. कमांड, म्हणजे कॅप्टनपद, मात्र तास भरले म्हणून मिळत नाही. कंपनीकडे नवी विमाने यावी लागतात, वरच्या जागा रिकाम्या व्हाव्या लागतात आणि ज्येष्ठतेच्या यादीत आपला क्रमांक लागावा लागतो. घाटकोपरच्या को-पायलटला मुंबईचा बेस मिळणार की परक्या शहरात भाड्याने राहावे लागणार, लक्ष्मीपूजनाला तो घरी असणार की रोस्टरवर, यातही पुष्कळदा हाच क्रमांक बोलतो. पण हा क्रमांक सोबत नेता येत नाही. वीस वर्षे कॅप्टन राहिलेला माणूस दुसऱ्या कंपनीत गेला, की साधारणपणे यादीच्या तळाशी उभा राहतो.

आता कालावधींचा हिशेब मांडू. पंचविसाव्या वर्षी रुजू झालेला वैमानिक पासष्टाव्या वर्षापर्यंत उडू शकतो, म्हणजे कारकीर्द चाळीस वर्षांची. जेट १९९३च्या मे महिन्यात सुरू झाली आणि १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. किंगफिशर २००५ ते २०१२ अशी सातच वर्षे उडाली, तर २००५ सालीच सुरू झालेली गो फर्स्ट मे २०२३मध्ये जमिनीवर आली. उदारीकरणानंतर निघालेल्या एकाही खासगी कंपनीने चाळीस वर्षांचे आयुष्य अजून पाहिलेले नाही. सरकारी नोकरीतही क्रमांक निर्धास्त नव्हता. २००७मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या आणि दोन याद्या एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या. न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली. तरीही ड्रीमलायनर या नव्या विमानाचे प्रशिक्षण कोणाला द्यायचे, यावरून २०१२मध्ये ५८ दिवसांचा संप झालाच.

यावर पहिला आक्षेप असा, की एवढी बेभरवशाची ज्येष्ठता मोडीत काढून गुणवत्तेवरच बढती द्यावी. मला तो पटत नाही. गुणवत्तेची परीक्षा सिम्युलेटरवर आणि कमांडच्या चाचण्यांत होतेच, आणि ती कठोरच हवी. पण बढतीची रांग वरिष्ठांच्या मर्जीवर सोडली, तर खराब हवामानात किंवा थकलेल्या अंगाने ‘मी उड्डाण करणार नाही’ म्हणणारा वैमानिक कोणाच्या भरवशावर तसे म्हणेल? त्याच्या नकारामागे ज्येष्ठतेचे संरक्षण असते, आणि ते प्रवाशांच्याही हिताचे आहे.

दुसरा आक्षेप कर्जाचा. प्रशिक्षण आणि टाइप रेटिंग (विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याची पात्रता) यांचा खर्च डोक्यावर असताना निवड कसली करायची? हे खरे आहे. पहिली नोकरी बहुतेकांना मिळेल ती घ्यावी लागते, आणि त्यात कमीपणा नाही. निवड खरी होते ती दुसऱ्या वळणावर, अनुभवी को-पायलटला बाहेरून बोलावणे येते तेव्हा. तिथेही पाऊल जपून टाकावे लागते, कारण नियमानुसार को-पायलटला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची सूचना द्यावी लागते. सूचना न देता वैमानिक निघून गेल्याचा वाद २०२३मध्ये अकासा एअरने मुंबई उच्च न्यायालयात नेला होता. तिसरा आक्षेप वाढीचा. त्याच वर्षी एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, मग चिंता कशाला? पण कमांड मागणीपत्रावर मिळत नाही, उडणाऱ्या विमानावर मिळते. इंजिनांअभावी निम्मी विमाने उभी राहिल्याचे सांगतच गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला होता.

म्हणून क्रम असा असावा: आधी कंपनीची आर्थिक प्रकृती आणि प्रत्यक्ष उडणारी विमाने पाहावीत, मग कमांडपर्यंतचा वास्तव कालावधी, मग बेस, आणि पगार शेवटी. कंपनी टिकणारी असेल तर चार पैसे कमी घेऊनही क्रमांक लवकर धरावा. दोन कंपन्या सारख्याच भरवशाच्या वाटल्या, तर जिथे कमांड आधी मिळेल तिथे जावे. लॉगबुकात ‘पायलट-इन-कमांड’चा एक स्वतंत्र रकाना असतो. यादीतला क्रमांक कंपनीबरोबर पुसला जातो, पण त्या रकान्यातले तास वैमानिकाचेच राहतात, आणि पुढच्या दारात त्याला कॅप्टन म्हणून उभे करतात ते तेच.