हॅलोविनचा खाऊ आणि वावडे असलेली मुले

अमेरिका आणि कॅनडात ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, हॅलोविनच्या सणाला, मुले भुताखेतांची सोंगे घेऊन शेजारपाजारच्या घरांची दारे ठोठावतात आणि मिळालेला खाऊ पिशवीत टाकत पुढे जातात. शेंगदाणा, दूध, अंडे किंवा तीळ यांचे वावडे असलेल्या मुलासाठी या रिवाजातला खरा धोका गोडाधोडापेक्षा त्यात काय घातले आहे हे न कळण्यात असतो.

अन्नाच्या अ‍ॅलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या निरुपद्रवी प्रथिनालाच शत्रू समजते. त्यातून हिस्टामिनसारखी रसायने स्रवून अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, आणि प्रसंगी श्वास कोंडून रक्तदाब घसरतो. या जीवघेण्या अवस्थेला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. कॅनडातील मुलांच्या अशा प्रसंगांचा जो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हॅलोविन आणि ईस्टरच्या सुमारास शेंगदाण्यामुळे होणाऱ्या घटना वाढलेल्या दिसल्या, परंतु नाताळ किंवा दिवाळीत तशी वाढ आढळली नाही. दिवाळीचा फराळ बहुधा ओळखीच्या घरचा असतो आणि त्यात काय आहे हे विचारता येते, तर हॅलोविनला देणारा पुष्कळदा अनोळखी असतो, हे या फरकामागचे एक संभाव्य कारण मानता येईल.

वेष्टनावरील घटकांची यादी हाच अशा वेळी मुख्य आधार. अमेरिकेत २००४ च्या कायद्याने आठ प्रमुख अ‍ॅलर्जीकारकांचा उल्लेख बंधनकारक केला आणि २०२३ पासून त्यांत तिळाची भर पडली. मात्र ‘अंश असू शकेल’ ही सूचना तिथे ऐच्छिक असल्याने ती नसणे म्हणजे निर्धोकपणाची हमी नव्हे. त्यातच मोठ्या पाकिटातून सुट्या काढलेल्या चिमुकल्या चॉकलेटांवर यादी नसण्याची शक्यता असते, आणि एकाच नावाच्या लहान व मोठ्या वड्यांचे घटकही वेगळे असू शकतात. म्हणून वाटेत काहीही तोंडात न टाकता घरी पिशवी टेबलावर रिकामी करावी, मोठ्यांनी एकेक वेष्टन वाचावे, आणि ज्यावर यादी नाही ते सरळ बाजूला काढून त्याच्या बदल्यात मुलाच्या आवडीचा निर्धोक खाऊ किंवा खेळणे द्यावे. हात साबण-पाण्यानेच धुवावेत, कारण जंतुनाशक जेलने शेंगदाण्याचे प्रथिन निघत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेले एपिनेफ्रिनचे इंजेक्शन सोबतच्या मोठ्या माणसाजवळ असलेच पाहिजे. तीव्र लक्षणे दिसताच ते मांडीच्या बाहेरील बाजूस देऊन तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी, अ‍ॅलर्जीच्या गोळीवर विसंबून वेळ दवडू नये.

तरीही सगळा भार त्या मुलावर आणि त्याच्या आईवडिलांवर टाकणे न्याय्य नाही. टेनेसी राज्यात सुरू झालेला आणि २०१४ पासून अमेरिकाभर पसरलेला ‘टील पम्पकिन’ उपक्रम या दृष्टीने फार मोलाचा आहे: दाराशी निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवला की त्या घरी खाऊव्यतिरिक्त पेन्सिली, स्टिकर, अंधारात चमकणारी कडी अशा वस्तूही मिळतात, असे मुलांना दुरूनच समजते. या वस्तू वेगळ्या भांड्यात ठेवाव्यात आणि येणाऱ्या प्रत्येक मुलापुढे दोन्ही भांडी धरावीत, म्हणजे कोणालाही आपले दुखणे दारात उभे राहून सांगावे लागत नाही.